पहिल्या ओपन माइकला जाताना

अरे, ऑफिसचा ताण उतरवायला हिंजवडीहून थेट शोला येणार ना? मग पहिल्या रांगेत बसू नकोस, कॉमेडियन तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरूनच सुरुवात करेल. ओपन माइकला, म्हणजे नवखे कॉमेडियन आपले विनोद लोकांसमोर करून बघतात त्या शोला, एकेकाला जेमतेम ४-५ मिनिटं मिळतात, त्यात निम्मे विनोद पडतात. पडू देत. पडलेला विनोद सावरताना त्याची जी तारांबळ उडते, खरी गंमत तिथेच.

ताणाचं म्हणशील तर वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी साहेबांच्या ईमेलची मनात पुणेरी पाटी करतो. 'काम कधी होईल हे विचारू नये. अपमान होईल.' जाम बरं वाटतं! झोपच उडाली असेल तर मात्र विनोदावर भागवू नकोस, डॉक्टरांना गाठ. आणि पु. लं.ची जुनी रेकॉर्डिंग ऐक. कुठे थांबायचं ते तिथे कळतं.