दिराला बोलायचं की गप्प बसायचं?

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले. धाकट्या दिराला सट्ट्याचा नाद लागलाय. केळीचे पैसे हातात आले की आठवड्यात संपतात. लेकरांची फी थकते, जाऊ माझ्याकडे येऊन रडते. म्हणून महिलांच्या प्रार्थनेत मी त्याचं नाव घेऊन विनंती मांडली. घरी कळलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "दोष काढू नका, असं प्रभूने सांगितलंय. आधी स्वतःकडे बघ." वाटणीत विहिरीजवळचा तुकडा सासऱ्यांनी त्याला दिला, आम्हाला कोरडवाहू. तेव्हाही मीच गप्प बसले. त्याच विहिरीवर आज त्याची केळी उभी आहे. तेव्हापासून दिराशी आमचं बोलणं नाही. डोळ्यांदेखत घर बुडत असताना विश्वासणाऱ्याने गप्पच राहायचं का?

उत्तर : नाही, ताई. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायातलं पहिलं वचन तुमच्या यजमानांनी सांगितलं. पाचव्यापर्यंत वाचा. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं प्रभू म्हणतो. म्हणजे भावाचं कुसळ काढायचंच आहे. हे वचन पुढे करून यजमानांनाही सख्ख्या भावाची जबाबदारी झटकता येणार नाही.

गव्हाच्या मळणीत डोळ्यात कुसळ गेलं तर आपण कोणाकडे जातो? पापणी उलटून, पदराचं टोक ओलं करून अलगद टिपून घेणाऱ्या बाईकडे. रागाने हात थरथरत असलेल्या माणसापुढे कोणी डोळा धरत नाही.

आता तुमच्या पत्राकडे येते. सट्ट्याबद्दल लिहिताना तुमचा शब्द सरळ आहे. विहिरीच्या तुकड्यापाशी आलात की तो तापतो. वाटणीत अन्याय झालाही असेल, मी नाही म्हणत नाही. पण दिराचं नाव प्रार्थनेत घेतलंत तेव्हा मनात जावेची लेकरं होती की ती विहीर? याचं उत्तर मला कळवू नका, देवापुढे द्या. करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. तिथेही प्रभुभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असं प्रेषित पौलाने लिहिलं. शेजारी कोण बसलंय त्याची परीक्षा करायला त्याने सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. आपल्या मंडळ्यांमध्ये प्रार्थनेची विनंती म्हणून दुसऱ्याची अब्रू वेशीवर टांगली जाते. वर डोळे मिटून आमेन म्हटलं की पाप केल्यासारखं वाटतही नाही. भावाचा अपराध तुम्ही दोघं एकांतात असताना त्याला दाखव, हे मत्तय १८:१५ मध्ये स्पष्ट आहे. तुमच्या दिराचा अपराध गावभर झाला आणि त्याच्याशी मात्र कोणी बोललं नाही.

तेव्हा आधी त्याच्या घरी जा. चारचौघींत नाव घेतलं याची माफी मागा. त्या दिवशी सट्ट्याचा विषय काढू नका, नाहीतर माफी म्हणजे बोलणं सुरू करायचं निमित्त ठरेल. पुढच्या भेटीत बोला, पौलाच्या गलतीकरांस पत्रात सांगितलंय तसं सौम्यतेने, आणि विहीर तोंडात येऊ देऊ नका. वाटणीचं भांडण वेगळं आहे, ते वेगळं बसून मिटवा. तो ऐकत नसेल तर यजमानांना आणि तो मानत असेल अशा एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत न्या. लेकरांची फी मात्र तोवर थांबवू नका. जमेल तेवढी भरा आणि पावती जावेच्या हातात द्या.