मोबाइलवर काढलेला टाइमलॅप्स नुसता पळवलेला व्हिडिओ का वाटतो?

तुमचा प्रश्न असा, की फोनच्या टाइमलॅप्स मोडवर काढलेलं काहीही नुसतं फास्ट फॉरवर्ड केल्यासारखं दिसतं, ढगांच्या आणि फुलांच्या त्या सुंदर व्हिडिओंसारखं दिसत नाही, तर आता कॅमेरा घ्यावा का.

घेऊ नका. निदान इतक्यात तरी नको. फोन आणि न हलणारा ट्रायपॉड एवढ्यावर भरपूर काम होतं. टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, आणि अडतंय ते दोन फोटोंमधल्या वेळाच्या अंतरापाशी. तयार मोडमध्ये ते अंतर बहुतेक वेळा फोनच ठरवतो. आयफोन तर तुम्ही जितका वेळ चालू ठेवाल तितकं अंतर आपोआप वाढवत नेतो, म्हणजे तासभर काढा नाहीतर पाच तास, हाती येतो अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा व्हिडिओ. ढग असोत की रांगोळी, त्याला सगळं सारखंच.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे अंतर आपल्या ताब्यात घेणं. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय आहे. मग हिशेब साधा. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम लागतात, म्हणजे दहा सेकंदांच्या तुकड्याला २५० फोटो. दर दोन सेकंदांनी एक काढला तर सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत काम संपतं. दर दहा सेकंदांनी काढला तर चाळीस मिनिटांच्या वर बसावं लागतं. घाटात धावणाऱ्या पावसाळी ढगांना दोन-तीन सेकंद, दुपारच्या आळसावलेल्या ढगांना पाच ते दहा, भिंतीवरून सरकणाऱ्या सावलीला अर्धा मिनिट, रोपाला दहा-पंधरा मिनिटं. हे आकडे पाठ करू नका. जे काढायचंय त्याच्याकडे आधी थोडा वेळ नुसतं बघा. ते स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला किती वेळ घेतंय हे डोळ्यांना कळलं की आकडा सुचतो.

रोपावरून दादासाहेब फाळके आठवणारच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, लंडनहून कॅमेरा आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला. ‘अंकुराची वाढ’ ही त्यांची फिल्म ती हीच. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी पैसे पुढे केले. म्हणजे मराठी माणसाच्या सिनेमाचं भांडवल टाइमलॅप्सवर उभं राहिलंय, आणि ही गोष्ट शाळेत का सांगत नाहीत कोण जाणे. सगळीकडे लिहिलेलं असतं की ते रोज एक फ्रेम घेत. आपला वरचा हिशेब इथे लावून बघा. महिनाभर रोज एक म्हणजे ३० फ्रेम. तेव्हाच्या सेकंदाला सोळाच्या वेगाने दोन सेकंदही पुरे होत नाहीत, तेवढ्यावर कुणी कर्ज देईल का? हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दांडा एकदा फिरवला की साधारण आठ फ्रेम पुढे जात. रोज एक फेरा धरला तर पंधरा सेकंद होतात, दिवसातून काही वेळा फिरवला तर त्याहून जास्त. माझा अंदाज हा दुसरा.

तुम्हीही वाटाण्याऐवजी मूग घ्या. भिजवलेले मूग पारदर्शक ग्लासात ओल्या कापसावर, जुना फोन चार्जिंगला लावून समोर, दर दहा मिनिटांनी एक फोटो. तीन दिवसांत ४३२ फोटो, म्हणजे सतरा सेकंद. खरी कटकट मुगाची नसते, उजेडाची असते. खिडकीतून दिवस-रात्र आली की व्हिडिओ उघडझाप करत सुटतो. पडदे ओढून घ्या, एक दिवा सतत चालू ठेवा आणि घरातल्यांना त्या खोलीच्या बटणापासून लांब ठेवा (हे शेवटचं सर्वांत अवघड). पाणी ड्रॉपरने थेंब थेंब घाला, नाहीतर कापूस एकदम फुगतो आणि पडद्यावर दचका बसतो. अंकूर वर येताना त्याचं टोक सरळ जात नाही, हळूहळू गोल डोलत जातं. डार्विनने हे कॅमेऱ्याशिवाय नोंदवलं होतं, काचेवर टोकाच्या जागेचे ठिपके मारत मारत. तुम्हाला ते स्वतःच्या स्वयंपाकघरात दिसेल, आणि पहिल्यांदा दिसतं तेव्हा माणूस तो तुकडा दहा वेळा बघतो.

आता उघडझापीबद्दल थोडं, कारण नव्वद टक्के टाइमलॅप्स तिथेच बिघडतात असं माझं ठाम मत आहे. फोन प्रत्येक फोटोला उजेड नव्याने मोजतो. एक पांढरा ढग आला की सगळं चित्र काळवंडतं, गेला की उजळतं. म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करायचे. आयफोनवर स्क्रीन दाबून धरली की पहिले दोन लॉक होतात. घरातल्या दिव्यांचा वेगळा त्रास. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) शटर सेकंदाचा १/५० किंवा १/१०० भाग उघडं ठेवलं की हा त्रास बराचसा जातो. सूर्यास्ताला मात्र लॉक केलं तर शेवटी अंधार होणार. होऊ द्या, खराही होतोच. दिवसापासून चांदण्यांपर्यंत एका सलग शॉटमध्ये जायचं असेल तर एक्स्पोजर पायरीपायरीने बदलावं लागतं आणि मग एलआरटाइमलॅप्ससारख्या सॉफ्टवेअरने पायऱ्या मिटवाव्या लागतात. त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका.

‘पळवलेलं’ वाटण्याचं आणखी एक कारण शटर. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरची गर्दी भर दुपारी काढली तर फोन १/१००० वगैरे शटर घेतो, प्रत्येक माणूस लख्ख गोठलेला येतो आणि व्हिडिओत माणसं उड्या मारत गेल्यासारखी दिसतात. अर्धा सेकंद शटर उघडं राहिलं तर तीच गर्दी वाहते. साधारण नियम असा की अंतराच्या निम्मा वेळ शटर उघडं हवं. दिवसा फोनला हे जमत नाही, त्यासाठी उजेड कमी करणाऱ्या एनडी फिल्टरची क्लिप लावावी लागते. संध्याकाळी दुकानांचे दिवे लागल्यावर काढलंत तर फिल्टरशिवायही बरंच जमतं.

ढगांसाठी लोक भर पावसात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जातात आणि पांढरा पडदा घेऊन परत येतात. जुलैत तिथे समोरचा हात दिसत नाही. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे जा, तेव्हा खाली दरीत ढग भरलेले असतात आणि कडा मोकळा असतो. कड्याची धार किंवा एखादं झाड फ्रेममध्ये असू द्याच. काहीतरी जागचं न हललेलं दिसल्याशिवाय हलणाऱ्याचा वेग जाणवत नाही. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. वजन म्हणून सॅक लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी. अधांतरी सॅक वाऱ्याने झुलते आणि तीच ट्रायपॉड हलवते. काचेवर बाष्प धरतं, कोरडं फडकं खिशात ठेवा. फोन फ्लाइट मोडवर.

फोटो काढण्याचा सर्वांत मोठा फायदा एडिटिंगला कळतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो आणि रीलला लागतात १०८० बाय १९२०. म्हणजे आडव्या फोटोतून उभी चौकट कापूनही डावीकडून उजवीकडे हळूच सरकायला भरपूर जागा उरते, कॅमेरा सरकवायचा महागडा स्लायडर न घेता. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोटोंचा फोल्डर उघडला की तो एकच क्लिप म्हणून दिसतो, तिथून पुढे ओढा, कापा, सरकवा. फुकट आवृत्तीत एवढं होतं. फक्त फोनमध्ये जागा ठेवा, तीनशे फोटो म्हणजे सहज गिगाबाइटभर.

रांगोळीचा टाइमलॅप्स मला व्यक्तिशः फार वेगात आवडत नाही. तीसपट केला की हात नुसता फराटा होतो आणि बोटांतून रेघ सुटण्याची मजाच जाते. कॅमेरा बरोब्बर वर, दिवा बाजूने, आणि रंग भरताना वेग, पण ठिपके जोडताना जवळजवळ खऱ्या वेळात, असं कापून बघा.

आणि आवाज. टाइमलॅप्सला स्वतःचा आवाज नसतो म्हणून लोक त्यावर ढणाढणा संगीत लावतात. त्याच जागी दोन मिनिटं नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून घ्या, वारा, पागोळ्या, रस्ता, जे असेल ते, आणि तो न पळवता खाली लावा. माइक झाकायला रुमाल पुरतो.