गुरदा परका, मग वृक्क कोणाचा?

प्रश्न असा आहे : ‘मूत्रनलिका’ म्हणजे नेमकी कोणती नळी? आणि किडनीला मूत्रपिंड म्हणावे की वृक्क? ‘गुरदा’ फारसी म्हणून टाळावा का?

‘मूत्रनलिका’ आधी मोडीत काढा. मूत्रपिंडांपासून मूत्राशयापर्यंत येतात त्या दोन मूत्रवाहिन्या, प्रत्येकी २५ ते ३० सेंटिमीटर लांब. मूत्राशयातून बाहेर पडतो तो एकच मूत्रमार्ग : स्त्रियांत साधारण ४ सेंटिमीटर, पुरुषांत १८ ते २०. खडा मूत्रवाहिनीत अडकला तर कळ कमरेच्या बाजूने निघून जांघेत उतरते. मूत्रमार्गात अडकला तर धार तुटते, नाहीतर लघवी तुंबते. आता कागदावर ‘मूत्रनलिकेत नळी घातली आहे’ असे लिहिले, तर रुग्णाने काय समजायचे? मूत्रमार्गातला कॅथेटर पिशवीला जोडलेला दिसतो आणि काढला की कळते. मूत्रवाहिनीतला डीजे स्टेंट, म्हणजे वाट मोकळी राहावी म्हणून आत ठेवलेली बारीक नळी, बाहेरून दिसतच नाही. कॅथेटर निघाला म्हणजे ‘नळी निघाली’ असे समजून स्टेंट महिनोन्‌महिने आत राहिला, तर त्यावर क्षारांची पुटे चढतात आणि काढणे अवघड होऊन बसते.

‘मूत्रपिंडात लघवी साठते’ हेही रोज ऐकू येते. साठते मूत्राशयात, आशय म्हणजे राहण्याची जागा. दीडशे-दोनशे मिलिलिटरला पहिली जाणीव, चारशे-पाचशेला निकड. मूत्रपिंडे गाळण्याचे काम करतात : दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर खाली सोडतात. मूत्रपिंडात लघवी खरोखर साठली असेल, तर बहुधा खाली कुठेतरी वाट अडली आहे. म्हणून मूत्रपिंड शब्द चोख आहे, तोच वापरा.

आता गुरदा. ‘वृक्क शुद्ध, गुरदा यावनी’ असे बजावणाऱ्या शुद्धिवाद्यांनी जरा मागे जाऊन पाहावे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, मूत्रपिंडाला ‘वॅरॅद्क’ म्हणतात. त्याच घराण्यातला शब्द इकडे वृक्क झाला, तिकडे मध्य फारसीत गुर्दग आणि मग गुर्दा. आरंभीच्या ‘वृ’चा फारसीत ‘गुर्’ होणे नेहमीचेच : आपला वृक, म्हणजे लांडगा, तिकडे गुर्ग. वराहाचाही गुराज़ झाला आहे. म्हणजे हे दोघे सख्खे चुलतभाऊ, आणि आपण एकाला देवघरात बसवून दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो. परिभाषेसाठी वृक्क हवा असेल तर खुशाल घ्या, पण शुद्धतेचे कारण पुढे करू नका.

माझा खरा आवडता मुद्दा पुढेच आहे. अथर्ववेदात गायीच्या अवयवांवर विश्व कल्पिले आहे, त्यात ‘क्रोधो वृक्कौ’ असे येते : दोन वृक्क म्हणजे क्रोध. (द्विवचन पाहा. जोडीचा अवयव, जोडीचे रूप.) आणि हिंदी-उर्दूत हिंमतवान माणूस ‘दिल-गुर्देवाला’. इकडे क्रोध, तिकडे धाडस! कोशकार हा योगायोग म्हणून सोडून देतील. मला तसे वाटत नाही. धमक कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला राहते ही समजूत भारतीय आणि इराणी या दोन्ही भाषाशाखा फुटण्याआधीचीच असावी, असे माझे मत आहे. ज्याला खोडायचे असेल त्याने हा ‘गुर्दा’ हिमतीच्या अर्थाला कुठून गेला ते आधी सांगावे.