ठाण्यात लाइव्ह कलाकार बुकिंगची एजन्सी काढायचीय, ओळखी भरपूर आहेत, नोकरी सोडू का?

नोकरी लगेच सोडू नका, एवढं आधी. तसंही हा धंदा संध्याकाळचा आणि शनिवार-रविवारचा, सुरुवातीला नोकरी सांभाळून आरामात होतो.

आता ओळखींबद्दल. तुम्ही लिहिलंय की गायक, स्टँडअपवाले, जादूगार, दोन-तीन बँड असे बरेच जण ओळखीचे आहेत. चांगलंच आहे, पण आज कुठल्याही गायकाचा नंबर त्याच्या इन्स्टावर असतो, घोडबंदरच्या सोसायटीची कल्चरल कमिटी पाच मिनिटांत त्याला डायरेक्ट मेसेज टाकू शकते, मग ती तुम्हाला मध्ये घेऊन वर पंधरा टक्के का देईल याचं उत्तर तुमच्याकडे हवं. मी ठाण्यात हेच बुकिंगचं काम करते, माझ्याकडे लोक येतात ते एकाच गोष्टीसाठी, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेदहाला कलाकाराचा फोन येतो "ताई घसा पूर्ण बसलाय" आणि तरीही संध्याकाळी आठला स्टेजवर कोणीतरी बरं गाणारं उभं असतं. म्हणजे प्रत्येक कलाकारामागे त्याच बजेटचा आणि साधारण तशाच गाण्यांचा दुसरा माणूस तुमच्या डोक्यात तयार पाहिजे, आणि शक्यतो खाडीच्या किंवा घाटाच्या त्याच बाजूला राहणारा. मीरा रोडचा ढोलकीवाला गायमुखच्या घाटात अडकला की अडकला, त्याला तुम्ही फोनवर कितीही ओरडा.

मी स्वतः आधी निवेदन करायचे, हळदीकुंकू, खेळ पैठणीचा, सोसायट्यांचे गणपती वगैरे, मग लोक मलाच विचारायला लागले की ताई तबलजी आहे का, मुलांसाठी बोलका बाहुला द्या, त्यातून हे वाढलं. ऑफिस नौपाड्यात, कामं अर्धी घोडबंदर-वर्तकनगर आणि अर्धी नवी मुंबईत.

इकडे मार्केट तीन-चार प्रकारचं आहे आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सोसायट्या म्हणजे गणपती, नवरात्र, वर्धापनदिन, 31 डिसेंबर. पैसे कमी, मीटिंगा फार, आणि कमिटीतल्या एका काकांचा भाचा नेहमी "फुकटात गातो" असतो. कॉर्पोरेट म्हणजे ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, तिथे पैसे चांगले पण मिळतात उशिरा. मग संक्रांत ते रथसप्तमी नगरसेवक आणि इच्छुक मंडळींची हळदीकुंकू, खेळ पैठणीचा, इथे निवेदिका आणि साउंड एवढंच लागतं पण एका आठवड्यात इतकी कामं येतात की माणसं पुरत नाहीत. यात एकच सांगते, निवडणूक जवळ असेल तर आचारसंहिता लागली की सगळं एका दिवसात रद्द होतं, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरू नका, दादा कितीही मोठे असोत.

आणि चौथं, ज्याकडे बाहेरून आलेले लोक बघतच नाहीत, ते म्हणजे आगरी-कोळ्यांची हळद. घणसोली, दिवाळे, करावे, इकडे बाळकुम, कासारवडवली, तिकडे पार उरण-पनवेलपर्यंत. हळदीचा थाट पुष्कळदा लग्नाहून मोठा असतो, बेंजो पार्टी, ऑक्टोपॅड, गाणारे, दारातच मांडव, आता तर एलईडी वॉलपण लावतात. गावातली बेंजो पार्टी ते आपापल्या भावकीतून ठरवतात, तिथे तुमचं काम नाही, तिथे घुसायलापण जाऊ नका. तुम्हाला फोन येतो तो टीव्हीवर दिसलेल्या किंवा यूट्यूबवर चाललेल्या गायिकेसाठी. आता मुहूर्ताच्या तारखा सगळ्यांच्या सारख्या, त्यामुळे चालणारी गायिका एका रात्री दोन-तीन ठिकाणी जाते, तासाभराची सुपारी, उतरली की गाडीत, पुढचा मांडव. इथे बुकिंगवाल्याची खरी कसोटी लागते, कारण पहिला मांडव अर्धा तास लांबला की शेवटच्याकडे नवरदेवाचे मामा तुम्हाला फोनवर काय काय म्हणतील ते इथे लिहिता येणार नाही. म्हणून मी गायिकेबरोबर माझ्याकडे कामाला असलेला एक मुलगा गाडीत देते, त्याचं काम फक्त घड्याळ बघणं आणि "ताई चला" म्हणणं.

दहाचा नियम तर पाठच करा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंद सभागृह, बँक्वेट हॉल यांना आतल्या आत चालतं, पण सोसायटीच्या पोडियमवर किंवा मैदानात नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सवलत देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, ती ऑर्डर निघाली की फोनमध्ये सेव्ह करून ठेवा कारण प्रत्येक पार्टी, म्हणजे काम देणारा, म्हणणार की "आमच्याकडे बारापर्यंत परमिशन आहे" आणि असते ती भलत्याच तारखेची. शाळा, हॉस्पिटल, कोर्टाच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे अजून कडक. आता हिशोब करा, पत्रिकेवर सात लिहिलंय, लोक जमणार साडेआठला, मग दीपप्रज्वलन, सत्कार, सोसायटीच्या सेक्रेटरींचे दोन शब्द, म्हणजे गायकाला उरला एक तास. त्याला तुम्ही तीन तासांचे पैसे मोजलेत. म्हणून मी पार्टीला सरळ सांगते, सत्कार मध्यंतरात घ्या, आणि उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर नव्वद मिनिटांच्या वरचा ॲक्ट घेऊच नका. अर्धे लोक ऐकत नाहीत, मग पावणेदहाला पोलिसांची गाडी आली की माझ्याकडे बघतात.

पैशांवर जरा जास्त लिहिते कारण नवीन एजन्सी इथेच मरते. वादकांना त्याच रात्री हातात पैसे लागतात, नावाजलेला कलाकार स्टेजवर चढायच्या आधी पूर्ण घेतो, आणि कंपनी तुम्हाला देणार पंचेचाळीस-साठ दिवसांनी. मधली रक्कम तुमच्या खिशातून. तर भांडवल किती म्हणाल, ऑफिस-बिफिस सोडा, फोन आणि गाडी पुरते, पण चार-पाच शोंचं कलाकारांचं मानधन बाजूला पडून असायला हवं.

आणि बिल कसं फाडता याने फार फरक पडतो. समजा गायकाचे 60 हजार आणि तुमचे 9 हजार, तुम्ही 69 चं एकच बिल दिलंत. आता टीडीएस पूर्ण 69 वर कापला जाणार, कोणाचा अकाउंटंट दोन टक्के कापतो कोणाचा दहा, दहा कापला तर जवळजवळ 6,900 अडकले, म्हणजे तुमच्या 9 हजारातले हातात किती आले बघा, बाकीचं रिटर्न भरून रिफंड येईल तेव्हा. तुमचा जीएसटी नंबर असेल तर 18 टक्केसुद्धा पूर्ण रकमेवर, आणि सोसायटीला त्याचं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) शक्यतो मिळत नाही त्यामुळे तिच्यासाठी ते सरळ महाग. उलट लोककला किंवा शास्त्रीय गाणं-नाच-नाटक करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्याला जीएसटी माफ आहे, पण ती माफी त्याच्या बिलाला, तुमच्या नाही. म्हणून छोट्या कामांत कलाकाराचं बिल डायरेक्ट पार्टीला जाऊ दे, तुम्ही फक्त तुमच्या कमिशनचं फाडा. कंपन्या मात्र एकच व्हेंडर मागतात, तिथे इलाज नाही, तिथे रेट तसाच लावायचा. हो, उद्यम नोंदणी करून ठेवा आणि बिलावर नंबर छापा, सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा आहे, उशीर करून मार्चअखेरपर्यंतही दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे मार्च आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. बाकी एकदा सीएला भेटा, माझ्यावर जाऊ नका.

परवाने फार नाहीत. मोजकीच माणसं असली तर गुमास्त्याची (दुकाने-आस्थापना कायद्याखालची) ऑनलाइन सूचना दिली की झालं. लग्न सोडून इतर कार्यक्रमात सिनेमाची गाणी लाइव्ह गायची तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) लायसन्स आयोजकाने घ्यायचं असतं, नाटक-एकांकिका असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. कोण घेणार हे आधीच लिहून ठेवा.

लिहून ठेवणं म्हणजे वकिली करारनामा नको, लोक घाबरतात. व्हॉट्सॲपवर एक मेसेज, तारीख, पोचायची वेळ, किती मिनिटं, किती जण, साउंड कोणाचा, जनरेटर कोणाचा, जेवण-गाडी कोणाची, पाऊस आला तर काय, रद्द झालं तर ॲडव्हान्सचं काय, आणि शेवटी "कन्फर्म असं लिहून पाठवा". साउंडवर मात्र अडून बसा. "आमच्याकडे स्पीकर आहेत" म्हणजे झेंडावंदनाचे दोन स्पीकर, त्यावर पाच जणांचा बँड वाजत नाही, आणि गाणं खराब झालं तर नाव गायकाचं आणि तुमचं जातं, स्पीकरचं नाही. माझा साउंडवाला गेली कित्येक वर्षं एकच आहे, महाग आहे, थोडा भांडखोरपण आहे, पण दुपारी चारला केबल अंथरून बसलेला असतो.

पार्टी पुढच्या वेळी कलाकाराला डायरेक्ट फोन करणार हे गृहीत धरा. स्टेजवरून उतरताना नंबर घेतातच, तुमच्यासमोर घेतात. मी भांडत नाही, कलाकारालाही फार बोलत नाही, कारण एक-दोनदा डायरेक्ट करून ज्यांचा गायक आयत्या वेळी आला नाही ते परत येतात आणि मग रेटवर घासाघीस करत नाहीत.

सुरुवात लहान ॲक्टने करा, गिटार-कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी)-गायक असं त्रिकूट, एक चांगली निवेदिका, एक जादूगार. ऑर्केस्ट्रा नंतर. आणि पहिलं काम स्वतःच्या सोसायटीचं घेऊ नका, तिथे लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या माणसाकडे बॅलन्स मागता येत नाही.