३ च्या जागी ‘ई’ का दिसतो?

प्रश्न: एफपीजीए (आतलं सर्किट कोड लिहून ठरवता येतं अशी चिप) बोर्डावरचा चार अंकी सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले तपासायला चारही घरांत ८ दाखवला. सगळे सेगमेंट नीट लागले. मग ० ते ९ मोजणारा काउंटर जोडला, तर ३ च्या जागी इंग्रजी ‘ई’ दिसतो आणि २ नि ५ ची अदलाबदल होते. डिस्प्ले बिघडलाय का?

उत्तर: डिस्प्ले ठणठणीत आहे, सेगमेंटचा क्रम उलटा जोडला गेलाय. वरची आडवी रेघ ए. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बी, सी, डी, ई, एफ आणि मधली जी. कोडमध्ये बिट जी ते ए आणि पिन-फाइलमध्ये (कोणता सिग्नल चिपच्या कोणत्या पिनला जातो ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ए ते जी असे लिहिले, की ए-जी, बी-एफ, सी-ई या जोड्या एकमेकींच्या जागी जातात. डी तेवढा जागेवर राहतो. ३ साठी ए, बी, सी, डी, जी लागायला हवेत. लागतात जी, एफ, ई, डी, ए. तोच तुमचा ‘ई’. ८ मध्ये सातही सेगमेंट लागतात, त्यामुळे ही चूक तिथे कधीच सापडत नाही. ८ ची चाचणी जळालेला सेगमेंट किंवा सुटलेली पिन शोधायला ठीक. क्रम तपासायचा तर काउंटरच हवा.

‘ई’ नेमका कितव्या अंकाला येतो, तेही पाहत जा. तो १ च्या जागी आला, तर क्रम बरोबर असून सेगमेंट लावणाऱ्या-विझवणाऱ्या ० आणि १ या सिग्नलांची उलटापालट झाली आहे: बी आणि सी सोडून बाकीचे पाच लागले. अशा वेळी ८ ला घर पूर्ण काळं राहतं आणि ० ला फक्त मधली रेघ दिसते. बेसिस ३ हा बोर्ड कॉमन अ‍ॅनोडचा आहे. म्हणजे एका घरातल्या सगळ्या सेगमेंटची धन टोकं एकत्र जोडलेली असतात. तिथे सेगमेंटला ० दिला की तो लागतो. मध्ये ट्रान्झिस्टर असल्यामुळे घर निवडणारी अ‍ॅनोडची ओळही ० वरच चालू होते. नवशिके बहुतेक इथेच अडखळतात.

प्रश्न: क्लॉक (सर्किटला ताल देणारा सिग्नल) १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोक्यांचा आहे. दर सेकंदाला एक अंक पुढे न्यायला काउंटर केवढा घ्यावा?

उत्तर: २७ बिटांचा. ० पासून ९,९९,९९,९९९ पर्यंत मोजा, पुन्हा ० करा आणि त्याच क्षणी एका क्लॉकपुरती ‘एनेबल’ची (अंक पुढे न्यायची) खूण द्या. काउंटरचा बिट थेट दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या (एक बिट साठवणाऱ्या घटकाच्या) क्लॉकला जोडू नका. टायमिंगचे त्रास तिथूनच सुरू होतात. चारही घरांच्या सेगमेंटच्या ओळी एकच असतात, म्हणून एका वेळी एकच घर लावून ती भराभर फिरवतात. ही घरं फिरवायला वेगळा, सतत फिरणारा काउंटर ठेवा आणि त्याचे १७ व १८ क्रमांकाचे बिट वापरा (मोजणी ० पासून). प्रत्येक घराला १.३१ मिलिसेकंद मिळतात, चौघांची फेरी ५.२४ मिलिसेकंदांत होते, डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. पहिल्या चाचणीला मात्र मुद्दाम २५ आणि २६ घ्या: घरं एकेक करून, साधारण तिसऱ्या हिश्श्याचा सेकंद लागतील आणि कोणता अ‍ॅनोड कोणत्या घराचा, ते बघूनच कळेल.

प्रश्न: प्रत्येक अंकामागे शेजारच्या अंकाची फिकट सावली दिसते.

उत्तर: ट्रान्झिस्टर बंद व्हायला थोडा वेळ घेतो. तोवर नव्या अंकाचे सेगमेंट जुन्या घरात क्षणभर लागतात. नुसते अ‍ॅनोड बंद करून भागत नाही, कारण जुना ट्रान्झिस्टर तेव्हाही चालूच असतो. घर बदलल्यावर पहिले १०२४ क्लॉक, म्हणजे सुमारे १० मायक्रोसेकंद, सातही सेगमेंटना १ द्या. उजेड एक टक्काही कमी होत नाही.

प्रश्न: सिम्युलेशनमध्ये (बोर्डाऐवजी संगणकावर कोड चालवून बघताना) अंक बदलतच नाही.

उत्तर: बदलेल, पण दहा कोटी क्लॉकनंतर. मोजणीची मर्यादा (९,९९,९९,९९९) पॅरामीटर करा, म्हणजे बाहेरून बदलता येईल अशी ठेवा, सिम्युलेशनला ९ द्या आणि ९ नंतर ० होताना हातचा पुढच्या घरात जातो ना, ते तिथेच बघून घ्या. बोर्डासाठी बनवताना मूळ आकडा परत घाला.