ओआरएसचे पाकीट नसताना ग्लुकोज पावडर चालेल का?

रात्री औषधांचे दुकान बंद असेल आणि मुलाला जुलाब होत असतील, तर ओआरएसऐवजी (जुलाबात गेलेले पाणी भरून काढणाऱ्या मीठ-साखरेच्या तयार मिश्रणाऐवजी) ग्लुकोज पावडर किंवा लिंबूपाणी द्यावे का, असे आपण विचारले आहे. ग्लुकोज पावडर देऊ नये. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गणपतीत सगळे गावी जमलो असताना नणंदेच्या धाकट्याला जुलाब सुरू झाले. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात मी चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ मोजून घालत होते, तोच नणंदेचे यजमान ग्लुकोजचा डबा घेऊन आले. "मिठाने काय होणार, वहिनी? पोराला ताकद यायला हवी," असे त्यांचे म्हणणे. वास्तविक त्या वेळी मुलाला पाणी हवे असते. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जाते, तर अतिरिक्त साखर उलट आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते.

१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजले आणि पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. हे ऐकवल्यावर भावोजी विजयी मुद्रेने म्हणाले, "म्हणजे ग्लुकोज होतेच की!" होते, परंतु लिटरला २२ ग्रॅम आणि तेही साडेतीन ग्रॅम मिठासोबत, भावोजी मात्र पेलाभर पाण्यात मोठ्या चमच्याने, हात सैल सोडून, नुसती पावडर ढवळत होते.

लिंबू पिळण्यास हरकत नाही, मात्र मीठ आणि साखर वरील मापानेच घालावी, चवीपुरती नव्हे. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागल्यास ते फेकून नव्याने करावे, कारण जास्त मीठ लहान मुलाला धोक्याचे असते. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध थांबवू नये.

या घरगुती पाण्यात पोटॅशियम नसते, त्यामुळे सकाळी पाकीट आणावेच. शौचात रक्त, सुस्ती किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही दिसले, किंवा मूल सहा महिन्यांच्या आतील असेल, तर रात्रीच डॉक्टरांकडे न्यावे. "सकाळी बघू" म्हणणाऱ्याचे ऐकू नये, मग तो घरचा जावई का असेना.