लोकेटला फाइल सापडंना, काय करू?

प्रश्न: अक्कलकोट रोडला आमचा चादरीचा कारखाना आहे, डिझाइनच्या फाइली उबुंटूच्या कॉम्प्युटरवर असतात. काल मोराच्या नक्षीची फाइल सेव्ह केली, आज लोकेट (locate, फाइल शोधायची कमांड) मारलं तर सापडंना. गेली का ओ?

उत्तर: नाही ओ दादा, घाबरू नका. लोकेट डिस्क बघतच नाही, ते आधी बनवलेल्या यादीत शोधतं आणि ती यादी बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदाच ताजी होते, मग कालची फाइल तिला कुठून माहीत असणार. सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून अपडेटडीबी चालवा, म्हणजे टर्मिनलमध्ये sudo updatedb टाइप करा, यादी नवी होईल.

पण माझं ऐकाल तर फाइंड ही दुसरी कमांड शिकाच, ते स्वतः एकेका फोल्डरात उतरून बघतं, वेळ खातं पण आत्ता जे आहे तेच सांगतं. असं टाइप करा: find ~ -iname '*मोर*' (~ म्हणजे तुमचं होम फोल्डर). आयनेममुळे इंग्रजी नावात कॅपिटल-स्मॉलचा घोळ होत नाही. अवतरण मात्र विसरू नका हां, नाहीतर तुम्ही उभे आहात त्याच फोल्डरात मोर नावाची फाइल असली की शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या चांदणीवाल्या *मोर* च्या जागी तिचं नाव घालतं आणि शोध भलतीकडेच जातो. नावच आठवत नसेल तर आयनेमच्या जागी एमटाइम लावा, find ~ -mtime -2 असं, गेल्या 48 तासांत बदललेल्या सगळ्या फाइली समोर येतात.